धवला पुरा होईपर्यंत आईला दुखलं नाही

मी फार्मासिस्ट आहे. पनवेलच्या बाजारात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. या सदरातले वाचकांचे अद्भुत अनुभव मी जेवताना वाचतो, निव्वळ करमणूक म्हणून, आणि वाचून झालं की बायकोला सांगतो, "याचं बीपी लो झालं असणार." शेजारचा हार्डवेअरवाला दर अमावास्येला दुकानापुढे नारळ फोडतो. मी आयुष्यात कधी फोडला नाही. त्याचं खोबरं मात्र न चुकता खातो.

हे अशासाठी सांगितलं की पुढचं वाचून कुणी मला भाबडा समजू नये. मी भाबडा नाही, हट्टी आहे. गेलं वर्षभर एका गोष्टीचा पिच्छा पुरवतोय. तीन-चतुर्थांश सुटली... उरलेली सुटत नाही.

गोष्ट माझ्या आईची आहे. आम्ही आगरी, राहायला करंजाड्याला. आई अडुसष्ट वर्षांची आणि धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी - आमच्या लग्नांत प्रत्येक विधीला धवले गातात, आणि गाणारी बाई ती धवलारीण. भटजी नंतर येतो. आमच्याकडे आधी मान धवलारणीचा. पुस्तक नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. तिने एक ओळ म्हणायची, मागच्या बायांनी ती उचलायची. आणि एकदा उचललेला धवला अर्ध्यावर सोडायचा नाही. आईचा हा नियम एवढा कडक की एका लग्नात मांडवाची कनात तिच्या डोक्यावर पडली, तर ती कनातीखालून गात राहिली होती. ते लग्न लोकांनी तेवढ्यासाठी लक्षात ठेवलंय, नवरा-नवरी कोण होते ते कुणाला आठवत नाही.

तिला हे शिकवलं आमच्या जुन्या घराशेजारच्या चांगुणाकाकीने. काकी वारली त्याला नऊ वर्षं झाली. काकीची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. शिकणारीला पुढे बसवायची आणि स्वतः मागे बसून तिच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या पात्याच्या जरा खाली, तळहात ठेवायची. हात दाबला की श्वास घ्यायचा, हात सैल सोडला की ओळ उचलायची. तोंडाने एक शब्द नाही. आई सांगते, पहिली दोन वर्षं तिला धवल्यांचे शब्द आठवण्याआधी काकीचा हात आठवायचा.

आता दुखणं. ज्या लग्नाचं पुढे सांगणार आहे, त्याच्या सव्वा वर्ष आधी आईला नागीण झाली. तीच ती, अंगावर पट्ट्यासारखे फोड येतात ती. फोड तीन आठवड्यांत गेले, पण ठणका राहिला. वय झालेल्यांना राहतो, नस चिडते. जागा कुठली? उजव्या पात्याखाली, बरोब्बर काकीच्या हाताची. आई म्हणायची, "काकीचा हात जलतंय तिथं." मी म्हणायचो, नसा तिथून जातात म्हणून. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

पण हाल बघवत नव्हते. कापडसुद्धा लागायला नको. पदर पाठीवरून ओढून घ्यायचा तिने सोडला होता, नुसता डाव्या खांद्यावरून मोकळा टाकायची. आणि मोठा श्वास घेतला की कळ. श्वासच घेता येत नाही तर धवला कसला? सव्वा वर्ष ती एकाही लग्नात गायली नाही. बोलावणी यायची, ती "आंग बरा नाय" म्हणून परत पाठवायची. दुपारी एकटी गच्चीवर जाऊन हळूच एखादी ओळ म्हणून बघायची आणि मध्येच थांबायची. मी जिन्यात उभा राहून ऐकलंय ते.

डॉक्टरांनी एक गोळी दिली. ही गोळी डिप्रेशनलाही देतात आणि नसेच्या ठणक्यालाही देतात. मेंदूत सेरोटोनिन आणि त्याच्यासारखी आणखी काही रसायनं असतात, ती गोळीने जास्त वेळ टिकून राहतात आणि मेंदूकडून पाठीच्या कण्यात जो 'दुखणं कमी कर' असा निरोप जातो तो जोरात जातो. हे मला पाठ आहे. पण मी आईला काय सांगितलं? "नसांची ताकदीची गोळी हाय." डिप्रेशनचा ड सुद्धा काढला नाही. म्हटलं, उगाच कशाला घोळ. दुकानात रोज दहा जणांना मी "काय गोळी आहे ते नीट समजून घ्या" असं सांगतो, आणि घरात हे असं.

दोन महिन्यांत तिला जरा उतार पडला होता. आणि तेवढ्यात माझ्या भावाच्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. आई म्हणाली, "नातीचा धवला मीच बोलनार."

भाऊ सुरेश म्हणाला, "आई, दुसरी बोलावतो, तू नुसती बस."

"मी जित्ती आसताना दुसरी?"

सुरेशचा कळंबोलीला लोखंडाचा धंदा आहे, दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडतो, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही. मग बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला स्पष्ट म्हणालो, "मधेच कळ आली आणि थांबलीस तर? सगळा गाव बसलेला असेल. तूच सांगतेस ना, अर्धा धवला नवरीला लागतो?"

तिने डाव्या खांद्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "त्याचाच भेव हाय रं." माझ्या आईच्या तोंडून 'भेव' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आपण काय बोलून बसलो ते मला कळलं, पण शब्द परत घेता आला नाही.

तर हळदीचा दिवस. मे महिना, शनिवार. घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव. सकाळी हळद कुटायचा विधी - मधोमध उखळ, मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, पाच सुवासिनी कुटणार आणि धवलारीण गाणार. मांडवाच्या एका कडेला कापड लावून त्याच्यामागे स्वयंपाक. तिथे सुरेशने कळंबोलीहून खास वेल्डिंग करून आणलेला लोखंडी स्टँड, त्याखाली लाकडं, वर भाताच्या आधणाचा मोठा ॲल्युमिनियमचा टोप. प्लॉटवर नुकताच मुरूम टाकलेला, जमीन अजून बसली नव्हती. स्टँडचा एक पाय जरा रुतला म्हणून त्याखाली वीट सरकवली होती. आमच्याकडे कुठलाही प्रश्न विटेने सुटतो.

माझी मुलगी तन्वी मोबाईलवर सगळं शूट करत होती. ती एमएस्सी करते, विषय न्यूरोसायन्स. सांगायचं म्हणजे आमच्या खानदानात मेंदूवर काम करणारी पहिलीच. शूटिंग दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू झालं, सलग आहे, मध्ये कट नाही. पुढच्या सगळ्या वेळा त्यावरून सांगतोय, आठवणीने नाही.

आईचा पाट उखळाजवळ मांडवाच्या मधोमध मांडला होता. तिने धवला उचलला. आवाज बारीक, घाबरलेला. प्रत्येक ओळीच्या शेवटी खांदा आकसून घेत होती. मी बाजूला उभा होतो, हातात पाण्याचा ग्लास, खिशात पेनकिलर. मागच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. मला ते बघवत नव्हतं.

चौथ्या मिनिटाला आई गाता गाता उठली. एक हात टेकून उठली, पाट उचलला आणि दहा-बारा पावलं चालत जाऊन कडेला, स्वयंपाकाच्या कापडाला लागून बसली. गाणं थांबलं नाही. बसल्या बसल्या तिने पदर पाठीवरून ओढून घेतला आणि पुढे कमरेला घट्ट खोचला. सव्वा वर्षात पहिल्यांदा. आणि त्यापुढची ओळ जी आली... काय सांगू. माझ्या लहानपणी चार घरांपलीकडे ऐकू जायचा तो आवाज. मागच्या बाया दचकल्या आणि मग त्यांनीही तशीच जोरात ओळ उचलली. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "गोळी लागू पडली." खरंच, तोंडातून तेच आलं.

पंधराव्या मिनिटाला तन्वी सगळ्या बाया फ्रेममध्ये घ्यायला म्हणून उलट पावली मागे मागे जात होती. आजीच्या बाजूने मागे गेली. कापड वाऱ्याने वर उडालं होतं. तिची टाच विटेला लागली, वीट निसटली, स्टँडचा पाय बसला आणि टोप तिच्या पाठीच्या दिशेने कलला.

मी पंधरा फुटांवर होतो. बबनभाऊ आचारी पलीकडच्या बाजूला कांदे काढत होता. आई हातभर अंतरावर होती. ती उठली आणि दोन्ही तळहातांनी उकळत्या टोपाची कड धरली. थोडं आधण खाली पडलं, तन्वीच्या ओढणीवर उडालं, बस तेवढंच. टोप आईने तसाच धरून ठेवला. मी आणि बबनभाऊ फडकी घेऊन पोचेपर्यंत पाच-सहा सेकंद तरी गेले असतील. "आई, सोड!" मी ओरडलो, तेव्हा तिने सोडला.

आणि या पाच-सहा सेकंदांत धवला चालू होता! व्हिडिओत मोबाईल हलतो, आकाश दिसतं, मांडवाचं छत दिसतं, तन्वीची किंकाळी ऐकू येते, पण आवाज ऐका - आईची ओळ जशीच्या तशी आहे. तिचा स्वर इतका सरळ होता की उखळाजवळच्या बायांना कळलंसुद्धा नाही. त्यांनी पुढची ओळ उचलली, मुसळं चालू राहिली.

आई पाटावर परत बसली. तळवे लालबुंद, उजव्या हाताला फोड यायला लागलेले. मी तिला उचलायला गेलो तर तिने गाता गाताच मान हलवली. नाही म्हणजे नाही. तन्वी बाजूला उभी, तिला सुरेशने धरलं होतं. मग मी काय केलं असेल? परात आणली, नळाला पाईप लावला, आईसमोर मांडी घातली आणि तिचे दोन्ही हात वाहत्या पाण्याखाली धरून बसलो. पुढची वीस मिनिटं. बावीस वर्षांत हजार लोकांना भाजल्यावर काय करायचं ते सांगितलंय, पण कुणाला गाता गाता केलं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. कपाळावर आठी नाही. एकदाही हात मागे ओढला नाही. माझ्याकडे बघून एकदा हसली. मला लहानपणी ताप आला की हसायची तशी.

शेवटची ओळ झाली. बायांनी ती उचलली, नवरीच्या कपाळाला हळद लागली, सगळ्या उठल्या. तेव्हा आईने आपले हात बघितले.

"आय गं...! जलला रं, दिनेश, जलला! अरं देवा, पाठ पन..."

ते ऐकून पहिल्यांदा मला रडू आलं. दवाखान्यात ड्रेसिंग करेपर्यंत ती ओरडत होती. माझ्या नावाने, सुरेशच्या विटेच्या नावाने, वेल्डरच्या नावाने.

आता मी आणि माझा हट्ट.

माझा पहिला अंदाज - खोल भाजलं असेल, नसाच गेल्या असतील, म्हणून दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही. भाकऱ्या थापून थापून घट्टे पडलेले तळवे आहेत, त्यांनी वाचवलं. फोड वरवरचे आहेत, आणि सगळ्यात जास्त दुखतात ते हेच. नसा शाबूत होत्याच, नंतरच्या ओरडण्याने ते सिद्धच झालं.

दुसरं तन्वीने सांगितलं. त्या संध्याकाळी, हळदीचा बँजो चालू असताना, आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो. तिचा आवाज अजून कापत होता, पण विषय आपला म्हटल्यावर पोरगी सावरली. म्हणाली, "पप्पा, हे होतं. जीवघेणी भीती वाटली की मेंदू वरून खाली निरोप पाठवतो - आत्ता दुखणं बंद, आधी जीव वाचव. मेंदूच्या देठात पेशींचे पुंजके आहेत, तिथून कण्यापर्यंत वाट जाते. कण्यात जणू दार आहे, ते लोटलं जातं. जखमेचा निरोप दाराशी थांबतो."

"आणि सेरोटोनिन?"

"त्या वाटेवरचा एक निरोप्या. पण सरळ नाही तो. एका ठिकाणी दार लोटतो, दुसऱ्या ठिकाणी उघडतोसुद्धा. भीती किती, कसली, मेंदूच्या कुठल्या भागात किती सेरोटोनिन - सगळ्यावर असतं. पूर्ण कुणालाच कळलेलं नाही अजून."

मी खूश. म्हटलं, म्हणजे गोळीने सेरोटोनिन टिकवलं, भीतीने वाट उघडली, दोघांनी मिळून काम केलं. माझी गोळी, माझं दुकान, माझी आई! दुसऱ्या दिवशी लग्नात मी हे सात-आठ जणांना समजावून सांगितलं. लोक जेवत होते, त्यांना उठून जाता येत नव्हतं.

लग्न झाल्यावर आईचे हात बांधलेले, म्हणून तिची पेटी लावायला मी बसलो. लुगड्यांच्या घडीखाली गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. सगळ्या भरलेल्या. गेल्या अडीच महिन्यांच्या.

"आई, हे काय?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पाटलाच्या सुनंला हीच गोली हाय. ती डोक्याची हाय. तू मना नसांची सांगलीस."

"अगं, दोन्हीची आहे ती..."

"येडी धवलारीन कोन बोलवल मांडवान? सांग ना. एकदा गावान बोभाटा झाला, का माझा धवला संपला."

मी खोटं बोललो होतो आणि तिने ते पकडलं होतं. मी समजावलं असतं तर तिने घेतली असती का, ठाऊक नाही. पण मी समजावलंच नव्हतं. तिने गोळ्या बंद केल्या म्हणून ठणका पुन्हा वाढला होता, आणि ती तो गुपचूप सोसत होती. नागिणीचा ठणका, बिनगोळीचा, अडीच महिने. अशी बाई माझी आई आहे. राग यायला हवा होता, पण मला तिचा अभिमानच वाटला, आणि स्वतःची लाज. तिथे बसून मी तिला सगळं सांगितलं. गोळी कशाची, का, कशी. मधुमेहवाल्याला साखरेची गोळी, तशी ही. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "येवरंच होता तर पयला सांगाचं ना."

म्हणजे माझी गोळी बाद. उरली भीती. ठीक आहे, म्हटलं, भीती तर होतीच.

मग मी व्हिडिओ बघितला. नीट, वेळ लिहून घेऊन. आणि अडकलो. टोप कलला पंधराव्या मिनिटाला. आईने पदर ओढून घेतला चौथ्या मिनिटाला. दुखणं अकरा मिनिटं आधीच गेलं होतं! आधी दुखणं थांबलं आणि मग भीती आली? हे कसं?

तन्वीकडे याचंही उत्तर होतं. खरंच हुशार आहे माझी पोर. म्हणाली, "पप्पा, उंदराला एका पिंजऱ्यात शॉक बसला ना, तर नंतर नुसतं त्या पिंजऱ्यात ठेवलं तरी तो घाबरतो, आणि त्या भीतीनेच त्याला वेदना कमी जाणवते. शॉक द्यायची गरज नाही. आजीला भीती टोपाची नव्हती. मांडवाची होती. धवला तुटेल ही."

'त्याचाच भेव हाय रं.' मला आठवलं. माझ्याच बोलण्यानंतरचं वाक्य.

हे मला पटतं. आजही पटतं. आईला त्या मांडवात बसायला किती भीती वाटली असेल, आणि ती तरी बसली, आणि त्या भीतीनेच तिला सावरलं... हे विज्ञान असेल तर मी त्याला हात जोडतो. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पण मी आईला एक साधा प्रश्न विचारला. "तू मधेच उठून कडेला का गेलीस?"

कारण कडेला जायला काहीच निमित्त नव्हतं. तिथे ऊन येत होतं, धूर येत होता. धवलारीण उखळाशी बसते, कधीही कडेला बसत नाही. चाळीस वर्षांत आई कडेला बसलेली मी पाहिली नाही. ती मधोमध राहिली असती तर टोपापासून माझ्याएवढीच लांब असती. मग तन्वीचं काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

आई म्हणाली, "काकीनं सरकवला."

"कोण काकी?"

"चांगुणाकाकी. हात ठेवला पाठीवर. गार गार हात. जलत व्हता ते समदा इझला. मंग आसा दाबून सरकवला मना... उठ, तिकडं बस. मी उठलो."

तिने हे अगदी साधं सांगितलं. दुधवाला येऊन गेला असं सांगतात तसं. मी हसलो नाही. मी परत व्हिडिओ लावला.

आता ऐका. चौथ्या ते पंधराव्या मिनिटापर्यंत आई फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात पाठमोरी दिसते. त्या दिवशी वारा होता. कनातीची झालर उडतेय, मागचं कापड उडतंय, आईचा पदर खोचलेला असला तरी पाठीवर मधूनमधून फुगतो. सगळा फुगतो... उजव्या पात्याखालचा तळहाताएवढा भाग सोडून. तिथे कापड पाठीला बसलेलं आहे, जरा आत दबलेलं. आणि ओळ संपायच्या जागी ते आणखी दबतं. प्रत्येक ओळीला. मग सैल होतं. मग आई पुढची ओळ उचलते.

मी हे कुणाला न सांगता तन्वीला दाखवलं. तिने तीनदा बघितलं. पहिल्यांदा म्हणाली, श्वास घेताना बरगड्या हलतात म्हणून. मी म्हटलं, बरगड्या श्वास घेताना बाहेर येतात, आत जात नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाली, घामाने कापड चिकटलं असेल. मी म्हटलं, असेल. तिसऱ्यांदा तिने मोबाईल नुसताच माझ्या हातात दिला.

दुखणं का थांबलं, त्याचं उत्तर आहे आमच्याकडे. भीती, मेंदू, सेरोटोनिन, कण्यातलं दार. पण भीतीने दुखणं थांबतं, पाट सरकत नाही. अकरा मिनिटांनंतर विटेला टाच लागणार आहे हे कुठल्या रसायनाला कळतं? माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. योगायोग म्हणा, माझी हरकत नाही, मीही दिवसा तसंच म्हणतो.

आईचे हात दीड महिन्यात भरले. तळव्यांवर गुळगुळीत डाग आहेत, ते ती सगळ्यांना दाखवते. गोळी रोज घेते, ठणका निम्म्यावर आलाय. पावसाळ्यानंतर तिने सात लग्नं केली. बेलपाड्याच्या एका मांडवात शंभर बायांसमोर पिशवीतून पट्टी काढली आणि म्हणाली, "मी डोक्याची गोली खातो. जिला पाठ, कंबर, डोका दुखतंय तिनं डॉक्टरला इचारा, माझ्या पोराचा मेडिकल हाय पनवेलला." माझी अशी जाहिरात कुणी केली नव्हती. आणि तिला बोलवायचं कुणी बंद केलं नाही. उलट तारखा मिळत नाहीत.

आणि तन्वी. तिने आजीकडे धवले शिकायला सुरुवात केली. लॅबमधून आली की तासभर. मेंदूवाली आणि धवलारीण एकाच पोरीत - मला तर वाटतं असं पनवेल तालुक्यात दुसरं कुणी नसेल.

गेल्या रविवारी सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. तन्वी खिडकीशी डोळे मिटून गात होती. आई माझ्या समोर, खोलीच्या या टोकाला, मेथी निवडत बसलेली. दोन्ही हात मेथीत. एका लांब ओळीवर तन्वी नेहमी अडते. त्या दिवशी अडली नाही. बरोबर जागी श्वास घेतला आणि ओळ उचलली. मग डोळे न उघडताच, जरा अंग चोरून म्हणाली, "आजी, इतक्या जोरात नको ना दाबू."

मी पेपर खाली केला. आईने मेथीतून मान वर केली, पण तन्वीकडे बघितलं नाही. तिच्या मागे बघितलं.

"हलू गो, काकी," ती म्हणाली. "पोर नवी हाय."